तोंडी आदेश आणि टी. टी. कृष्णम्माचारी

निवृत्तीनंतर काही दिवस चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात राहण्याचा योग आला. मसुरीच्या प्रशिक्षणात माझ्याबरोबर असलेला एक मित्र आयकर खात्यातून निवृत्त होऊन तिथेच स्थायिक झाला आहे. चेन्नईबाहेरच्या लोकांना नुंगंबाक्कम हे नाव माहीत असते ते बहुधा पावसाच्या आकड्यांमुळे. वर्तमानपत्रात चेन्नईच्या पावसाचे दोन आकडे येतात, एक मीनंबाक्कमचा आणि दुसरा नुंगंबाक्कमचा. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली इथे वेधशाळा उभारली. तिची मूळ इमारत आता उरलेली नाही, पण तिचा ग्रॅनाइटचा एक खांब हवामान केंद्राच्या आवारात जपून ठेवलेला आहे. पाऊस किती पडला हे कुणी नुसते सांगून भागत नाही, ते त्याच दिवशी लिहून ठेवावे लागते, ही शिस्त या परिसरात दोनशेहून अधिक वर्षे पाळली जात आहे.

याच भागात नुंगंबाक्कम हाय रोडवर, ज्याचे अधिकृत नाव महात्मा गांधी मार्ग असे आहे, आयकर भवन आहे. एका सकाळी त्यावरून जाताना मित्र म्हणाला, "आमच्या खात्यात मी संपत्तीकराची निर्धारणे केली, बक्षीसकराचीही केली. दोन्ही कर आता इतिहासजमा झाले. ज्यांच्या कारकिर्दीत हे सगळे सुरू झाले, त्यांच्या नावाचा रस्ता इथून तीनचार किलोमीटरवर आहे. चल, दाखवतो." आम्ही दक्षिणेकडे जेमिनी उड्डाणपुलापर्यंत गेलो आणि तिथून कॅथीड्रल रोडने म्युझिक अकॅडमीच्या चौकात पोहोचलो. त्या चौकातून जाणारा, पूर्वी मोब्रेज रोड या नावाने ओळखला जाणारा रस्ता आज टीटीके रोड आहे. टीटीके म्हणजे टी. टी. कृष्णम्माचारी, मद्रासचे व्यापारी आणि स्वतंत्र भारताचे दोन वेळा अर्थमंत्री झालेले राजकारणी.

शासनातल्या माणसाने त्यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. त्याचे कारण त्यांचे यश जितके आहे, तितकेच त्यांचे अपयशही आहे. त्या अपयशाचा संबंध अशा एका सवयीशी आहे, जी आपल्या प्रशासनात आजही सर्वत्र दिसते आणि जिच्यापायी मी स्वतः एका माणसाचे नुकसान केले आहे. ही सवय म्हणजे तोंडी आदेश.

कृष्णम्माचारींचा जन्म १८९९ सालचा. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिक्षण घेऊन ते व्यापारात उतरले आणि १९२८ साली त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. परदेशी कंपन्यांचा साबण, चॉकलेट यांसारखा माल दक्षिणेतल्या गावोगावच्या दुकानांपर्यंत पोहोचवायचा, हा त्यांचा धंदा. आज 'प्रेस्टिज' कुकरमुळे घरोघरी माहीत असलेला उद्योगसमूह त्याच कंपनीतून वाढला. अशा व्यापारात सगळा व्यवहार शब्दावर चालतो. दुकानदाराने शब्द दिला की माल सुटतो, एजंटाने शब्द दिला की पैसे येतात. जो प्रत्येक गोष्ट लिहून मागतो त्याच्याशी व्यवहार करायला कुणी तयार होत नाही. या जगात कृष्णम्माचारी मोठे झाले. १९३७ साली ते मद्रास विधानसभेत अपक्ष म्हणून निवडून आले, १९४२ साली केंद्रीय विधिमंडळात गेले आणि पुढे काँग्रेसमध्ये सामील झाले.

मराठी वाचकाला त्यांचे नाव बहुधा एका भाषणामुळे आठवेल. मसुदा समितीतल्या एका सदस्याच्या निधनानंतर रिकाम्या झालेल्या जागी पुढे त्यांचीच नेमणूक झाली. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी संविधान सभेत उभे राहून सांगितले की, समितीच्या सात सदस्यांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानच्या कामात गुंतले होते, एकदोघे प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर राहिले, आणि त्यामुळे मसुद्याचा सारा भार अखेर डॉ. आंबेडकरांवर पडला. हे निवेदन सभेच्या अधिकृत वृत्तांतात छापले गेले आणि म्हणून ते आजही पुरावा म्हणून उपयोगी पडते. काम कुणी केले याची नोंद दुसऱ्यासाठी इतक्या नेमकेपणाने करून ठेवणाऱ्या माणसावर, नऊ वर्षांनंतर, स्वतः काय बोललो याची नोंद नसल्यामुळे पद सोडण्याची वेळ यावी, हे मला नेहमीच विचारात टाकते.

१९५२ पासून ते वाणिज्य आणि उद्योग मंत्री होते. जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्यानंतर ते खाते कृष्णम्माचारींकडे आले. या बदलात प्रशासनाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. देशमुख आयसीएस अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, टिपणी आणि कागद यांतच वाढलेले. त्यांच्या जागी आला तो वेगाने निर्णय घेणारा, बोलून काम उरकणारा, समोरच्याची योग्यता क्षणात ताडणारा व्यापारी. देशाला त्या वेळी अशा माणसाची गरजही होती. दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली होती, परकीय चलनाची चणचण होती आणि पोलादाचे कारखाने उभे राहायचे होते.

धडाडी दाखवण्यात त्यांनी कसूर केली नाही. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांच्या शिफारशींवरून त्यांनी १९५७ साली संपत्तीकर आणि व्ययकर आणले. स्वतः व्यापारी असलेल्या मंत्र्याने व्यापाऱ्यांच्या संपत्तीवर कर बसवला, हे त्यांच्या स्वतंत्र बाण्याचे उदाहरण म्हणून सांगता येईल. त्यांच्याच काळात, १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान नाणी चलनात आली. परंतु याच काळातला दुसरा प्रसंगही पाहायला हवा. हुंड्यांवरच्या मुद्रांक शुल्कात त्यांनी केलेल्या वाढीवरून रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर बेनेगल रामा राव यांच्याशी त्यांचा वाद झाला. हा निर्णय बँकेच्या पतधोरणात हस्तक्षेप करतो, असे गव्हर्नरांचे म्हणणे होते. रिझर्व्ह बँक ही आपल्या खात्याचीच एक शाखा आहे, अशी मंत्र्यांची भूमिका होती. पंतप्रधान नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली आणि जानेवारी १९५७ मध्ये रामा रावांनी राजीनामा दिला. स्वायत्त संस्था म्हणजे आपल्याच पेढीचे दुसरे दुकान, अशी समजूत व्यापारातून आलेल्या मंत्र्याची सहज होऊ शकते. पुढे जे घडले त्याचे बीज मला इथे दिसते.

१९५६ सालीच देशमुखांच्या कारकिर्दीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले होते. त्याच्या कायद्यातले कलम २१ मला फार महत्त्वाचे वाटते. सार्वजनिक हिताच्या धोरणात्मक बाबींवर केंद्र सरकार महामंडळाला निदेश देऊ शकते, मात्र ते लेखी असले पाहिजेत, असे ते कलम सांगते. कायदा करणाऱ्यांनी 'लेखी' हा शब्द विचारपूर्वक घातला होता.

जून १९५७ मध्ये महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग विकत घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला त्याआधी विचारले गेले नाही. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी लोकसभेत हे प्रकरण धसाला लावले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. चागला यांचा एकसदस्य आयोग नेमला. चागलांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली, तेव्हा ती ऐकायला लोकांची गर्दी उसळली. १० फेब्रुवारी १९५८ रोजी अहवाल सादरही झाला. चौकशी किती लवकर आणि किती उघडपणे होऊ शकते, याचा हा आदर्श आज आपण विसरून गेलो आहोत.

सुनावणीत मुख्य प्रश्न एकच होता. हा व्यवहार कुणाच्या सांगण्यावरून झाला? अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल या नामांकित आयसीएस अधिकाऱ्याचे म्हणणे होते की, मंत्र्यांशी आपले बोलणे झाले होते. मंत्र्यांचे म्हणणे होते की, अशा व्यवहाराला आपण मान्यता दिलीच नव्हती. दोघांपैकी एकाचे खरे असेल, किंवा दोघेही आपापल्या आठवणीप्रमाणे प्रामाणिकपणे बोलत असतील. परंतु चार वाक्यांची एखादी टिपणी जिथे काम करून गेली असती, तिथे देशाच्या अर्थमंत्र्याला आणि अर्थसचिवाला परस्परविरोधी साक्षी देत उभे राहावे लागले. चागलांनी निष्कर्ष काढला तो असा की, सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच असते. ती त्याला सचिवावर ढकलता येत नाही. शिवाय त्यांनी बजावले की, सरकारने स्वायत्त महामंडळाच्या कामात ढवळाढवळ करू नये, आणि करायचीच असेल तर लेखी निदेश देण्याची जबाबदारी टाळू नये. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. त्या वर्षीचे अंदाजपत्रक पंडित नेहरूंना स्वतः मांडावे लागले आणि माझ्या मित्राने सांगितलेला बक्षीसकर त्यात आला.

व्यापारी सत्तेवर बसला की तो स्वतःचा खिसा भरणार, असा एक सरसकट समज असतो. जगात त्याला आधारही सापडतो. कॅरिबियन समुद्राच्या वेशीवरच्या बहामा बेटांत राजधानीतल्या बे स्ट्रीटवरचे व्यापारीच दीर्घकाळ विधिमंडळ चालवत. १९६४ साली अंतर्गत स्वराज्य मिळाले तेव्हा तिथले पहिले प्रीमियर झाले ते जहाजबांधणीत मोठे झालेले उद्योगपती सर रोलंड सिमोनेट. १९६७ साली सत्तांतर झाले आणि त्याच वर्षीच्या चौकशीत, कॅसिनो चालवणाऱ्यांकडून सत्तेतल्या मंडळींना सल्लागार म्हणून पैसे मिळत असल्याचे बाहेर आले. तिथे सार्वजनिक पद आणि खासगी लाभ यांतली सीमाच पुसली गेली होती. कृष्णम्माचारींचे प्रकरण वेगळे आहे, आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे. मुंध्रा व्यवहारात त्यांनी स्वतःचा फायदा करून घेतला, असा ठपका चागलांनी ठेवला नव्हता. माणूस पैशाच्या बाबतीत स्वच्छ असूनही केवळ कामाच्या पद्धतीमुळे राज्यकारभार गोत्यात येऊ शकतो, हे या प्रकरणातून शिकायचे.

त्यांची राजकीय कारकीर्द तिथे संपली नाही. १९६२ साली ते पुन्हा लोकसभेवर आले, १९६३ साली पुन्हा अर्थमंत्री झाले. युनिट ट्रस्ट आणि औद्योगिक विकास बँक या दोन मोठ्या वित्तसंस्था १९६४ साली त्यांच्याच कारकिर्दीत उभ्या राहिल्या. परंतु १९६५ च्या अखेरीस त्यांच्या कुटुंबाच्या व्यवसायांवरून आरोप झाले. त्या आरोपांबाबत सरन्यायाधीशांचे मत घ्यावे, असा पंतप्रधान शास्त्रींचा विचार होता. पंतप्रधानांनी स्वतःच आपल्याला निर्दोष म्हणून जाहीर करावे, अशी कृष्णम्माचारींची अपेक्षा होती. ते जमले नाही आणि ३१ डिसेंबर १९६५ रोजी त्यांनी पद सोडले. इथेही मला तोच धागा दिसतो. सहकाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा ही व्यापारी जगातली रीत, तर शब्द कितीही मोठ्याचा असला तरी तो तपासून घ्यावा ही शासनाची. १९७४ साली मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले.

आता माझ्याविषयी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका दुष्काळी जिल्ह्यात होतो. टँकरच्या ठेक्याची मुदत संपत आली होती. विश्रामगृहावर आढावा बैठक संपल्यावर एका वरिष्ठाने मला बाजूला घेऊन सांगितले, "पाऊस अजून महिनाभर लांब आहे. निविदा काढत बसाल तर लोक पाण्यावाचून मरतील. आहे त्यालाच मुदतवाढ देऊन टाका." मला त्यात गैर काही वाटले नाही. कचेरीत आल्यावर मी अव्वल कारकुनाला टिपणी तयार करायला सांगितले. पन्नाशीचा, नियमांचा पक्का माणूस. त्याने विचारले, "साहेब, कुणाच्या आदेशाने म्हणून लिहू?" मी म्हणालो, "प्रशासकीय निकड म्हणून लिहा." त्याने तसे लिहिले, खाली सही केली आणि मी मान्यता दिली. गावांना पाणी मिळाले.

दोन वर्षांनी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. दर चढे होते आणि निविदा न काढता ठेका वाढवला होता. विभागीय चौकशी लागली. आदेश देणाऱ्या वरिष्ठांना त्या संध्याकाळची आठवण राहिलेली नव्हती. मी माझ्या जबाबात सगळे सांगितले, परंतु फाइलमध्ये त्याला आधार देणारा एक शब्दही नव्हता. मला ताकीद मिळाली. प्रस्ताव मांडणारा म्हणून ज्याची पहिली सही होती, त्या कारकुनाच्या दोन वेतनवाढी कायमच्या रोखल्या गेल्या. निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतर निवृत्तिवेतनातही ती कपात त्याच्यामागे राहिली. पुढे एकदा तो मला एसटी स्थानकावर भेटला. आग्रहाने चहा पाजला, मुलांची चौकशी केली आणि त्या विषयावर अवाक्षरही काढले नाही. त्याने मला दोष दिला असता तर ते मला सोपे गेले असते.

चागलांनी जबाबदारी मंत्र्यापर्यंत वर नेली, माझ्या प्रकरणात ती कारकुनापर्यंत खाली घसरली. तोंडी आदेशाचा खरा तोटा मला इथे दिसतो. आदेश वरून येतो, पण कागद खालून तयार होतो, आणि चौकशी होते ती कागदाची. त्यामुळे शिक्षा नेहमी त्यालाच होते ज्याच्या हाती निर्णय नव्हता.

कायद्यात याची सोय नाही असे नाही. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत वरिष्ठाचा निदेश सामान्यतः लेखी असावा आणि तोंडी द्यावाच लागला तर शक्य तितक्या लवकर त्याची लेखी पुष्टी व्हावी, अशी तरतूद आहे. टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, अधिकाऱ्यांनी केवळ तोंडी सूचनांवर काम करू नये, त्यांची नोंद करावी. नोंदच नसेल तर माहितीचा अधिकार वापरून नागरिकाच्या हाती काय येणार, हा न्यायालयाचा मुद्दा बिनतोड आहे. असे असूनही 'साहेबांशी बोलणे झाले आहे' या चार शब्दांवर रोज शेकडो फाइली पुढे सरकतात. आता तर आदेश मोबाईलच्या संदेशातून येतात, आणि ते आपोआप पुसले जाण्याची सोयही त्या यंत्रात आहे.

लेखी आदेशांचा आग्रह धरला तर कामे अडतील, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पूर आला असताना कुणी टिपणीची वाट पाहू नये. परंतु काम आधी करून नोंद त्याच दिवशी संध्याकाळी करण्याने कोणतेही काम अडत नाही. अनुभवातून मला पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. तोंडी किंवा दूरध्वनीवर आलेल्या आदेशाची, देणाऱ्याचे नाव, दिनांक आणि वेळ यांसह, त्याच दिवशी फाइलवर नोंद करावी व तिची प्रत आदेश देणाऱ्याला पाठवावी. प्रत मिळाल्यावर बरेचसे अयोग्य आदेश आपोआप मागे घेतले जातात, असा माझा अनुभव आहे. तो मला उशिरा आला, इतकेच.

२. मोबाईलवर आलेला आदेश छापून फाइलला लावावा. तो शासकीय अभिलेखच आहे.

३. महामंडळे व स्वायत्त संस्था यांना शासनाने काही सांगायचे असल्यास ते पत्रानेच सांगावे. कलम २१ मधला 'लेखी' हा शब्द प्रत्येक महामंडळाच्या कार्यकारी अधिकाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवावा.

४. उद्योगातून राजकारणात आलेल्यांचे स्वागत असावे, कारण त्यांची धडाडी शासनाला हवीच आहे. मात्र मंत्र्यांसाठी १९६४ पासून असलेल्या आचारसंहितेप्रमाणे त्यांनी व्यवसायाच्या कारभारापासून खरोखर अलिप्त व्हावे, आणि खात्याच्या सचिवाने पहिल्याच भेटीत त्यांना शासनातली नोंदीची रीत समजावून सांगावी. ही रीत त्यांच्याही संरक्षणासाठी आहे, हे कृष्णम्माचारींच्या उदाहरणावरून त्यांना पटेल.

५. वरिष्ठाने आदेशाची जबाबदारी स्वीकारली असेल तिथे, केवळ टिपणी मांडली म्हणून कनिष्ठाला शिक्षा होऊ नये.

यातल्या पहिल्या सूचनेसाठी कोणत्याही नव्या कायद्याची किंवा निधीची गरज नाही. एक पेन आणि थोडे धैर्य पुरते. त्या दिवशी माझ्यापाशी पेन होते. "कुणाच्या आदेशाने म्हणून लिहू?" असे माझ्या कारकुनाने विचारले तेव्हा मी त्याच्या हातातून कागद घेऊन ते नाव स्वतःच्या अक्षरात लिहायला हवे होते.